भाड्याचा धंदा सुरू करताना: रिकामं घर किती महिने पोसाल?

प्रश्न विचारणारे गृहस्थ चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहेत, वय चाळिशीच्या आसपास. शिरूर तालुक्यातली जमीन विकून ५० लाख हाती आले आहेत. त्यात कर्जाची भर घालून वाकडमध्ये दोन टू-बीएचके घ्यायचे आणि भाड्यानं लावायचे. शिवाय हिंजवडीजवळ एक थ्री-बीएचके भाड्यानं घेऊन त्यात पीजी (कॉटप्रमाणे पैसे घेऊन मुलांना राहायला ठेवणं) चालवायचा आणि वर्षभरात नोकरी सोडायची, असा बेत आहे. त्यांचं विचारणं असं: यात जोखीम किती, ती मोजायची कशी, आणि फ्लॅट पत्नीच्या नावावर घ्यावेत का?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये लोकांचे फ्लॅट भाड्यानं लावून देणं आणि सांभाळणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. त्या अनुभवातून सांगतो. जोखीम म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "भाव पडतील का?" पण नुसता भाव पडला म्हणून देशोधडीला लागलेला घरमालक मी पाहिलेला नाही. हप्ता झेपेनासा झाला आणि मिळेल त्या भावाला घर विकावं लागलं, असे मात्र पुष्कळ पाहिले. म्हणून माझ्या लेखी या धंद्याची जोखीम मोजायचं माप एकच: भाडेकरू नसताना, दुसरीकडे हात न पसरता, हे घर तुम्ही किती महिने पोसू शकता?

आता तुमचाच हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या हातातल्या व्यवहाराचे घालून पुन्हा करा. फ्लॅट तयार, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला, म्हणून जीएसटी नाही. करारातली किंमत ७५ लाख. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. एजंटची १ टक्का दलाली ७५ हजार. किचन ट्रॉली, कपाटं, पंखे, गिझर, खिडक्यांना जाळ्या यावर तीन लाख सहज जातात, कारण त्याशिवाय वाकडमध्ये बरा भाडेकरू येत नाही. बेरीज ८४ लाख ३० हजार. म्हणजे पहिल्याच दिवशी तुमची किंमत करारापेक्षा १२ टक्क्यांनी वर गेली. उद्या विकायची वेळ आली तर तेवढा भाव चढल्याशिवाय मुद्दलसुद्धा सुटत नाही.

भाडं धरा २६ हजार, मेंटेनन्स त्यातच. वर्षाचे ३ लाख १२ हजार. एजंट इथेच थांबतो आणि "चार टक्के सुटतात" म्हणतो. पुढचं धरा. वर्षातून एक महिना घर रिकामं: २६ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार. मालमत्ता कर १४ हजार. नवा भाडेकरू आणायची दलाली, दोन वर्षांतून एकदा धरली तरी वर्षाला १३ हजार. रंग, नळ, सीपेज, गिझरचा कॉइल यांचे २० हजार. हे १ लाख १५ हजार वजा जाता हातात उरतात १ लाख ९७ हजार, म्हणजे घातलेल्या पैशावर अडीच टक्क्यांच्याही आत. बँकेतल्या ठेवीला याहून जास्त व्याज मिळतं. फरक एवढाच की घराचा भाव वाढू शकतो, आणि दरवर्षी भाड्यातही थोडी वाढ मिळते. म्हणजे तुम्ही भाड्यासाठी घर घेत नाही, भाववाढीच्या आशेवर घेता. भाडं हा त्या वाट पाहण्याच्या खर्चाला लागणारा हातभार असतो. हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा.

७५ लाखांच्या व्यवहारावर बँक साधारण ८० टक्के देईल, म्हणजे ६० लाख. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर हप्ता ५२ हजार. भाड्यातून महिन्याला निव्वळ १६ हजार ४०० येतात. राहिलेले साडेपस्तीस हजार पगारातून. दोन फ्लॅट घेतलेत तर ७१ हजार. आणि स्वतःचे २४ लाख ३० हजार प्रत्येकी घातल्यावर ५० लाखांतले १ लाख ४० हजार शिल्लक राहतात. आता आपलं माप लावा: दोन्ही घरं एकदम रिकामी झाली तर हप्ते, मेंटेनन्स आणि कर मिळून महिन्याला १ लाख १३ हजार लागतात. तुमची शिल्लक जेमतेम एक महिना पुरेल. वर नोकरी सोडलेली! शिवाय बँक हे कर्ज तुमच्या पगाराकडे बघून देणार आहे, भाड्याकडे बघून नाही.

तेच एक फ्लॅट घ्या, कर्ज ४० लाखच काढा. हप्ता ३४ हजार ७०० होईल, भाडं वजा जाता पगारातून १८ हजारांच्या आसपास टाकावे लागतील, आणि हातात ५ लाख ७० हजार राहतील. त्यातून रिकामं घर १४ महिने पोसता येतं. फ्लॅट तोच, गल्ली तीच, भाडेकरूही तोच. एका मांडणीत एक महिन्याचा दम आहे, दुसरीत १४ महिन्यांचा. माझं मत विचाराल तर १२ महिन्यांपेक्षा कमी दम असेल तर या धंद्यात उतरू नये.

व्याजदर आज आहे तोच राहील असंही धरू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला आणि बदलत्या व्याजाची कर्जं घेतलेल्यांना ते सोसावं लागलं. व्याज दोन टक्क्यांनी वाढलं तर ६० लाखांचा हप्ता ६० हजारांपर्यंत जातो. बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, त्यामुळे कळ लगेच जाणवत नाही आणि कर्ज पार साठीच्या पुढे जातं.

घर रिकामं राहण्याची भीती मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर हिंजवडी-वाकडचं २०२० साल आठवा. मार्चमध्ये आयटी कंपन्यांनी घरून काम करायला सांगितलं. मुलं दोन आठवड्यांसाठी म्हणून एक बॅग घेऊन गावी गेली आणि परत आलीच नाहीत. पीजीच्या खोल्यांमध्ये कपाटांना कुलपं, आत त्यांचे कपडे आणि पुस्तकं, आणि मालकाला ना भाडं मिळे ना खोली दुसऱ्याला देता येई. पुढे बरेच महिने तो सगळा पट्टा ओस होता. तसंच पुन्हा होईल असं नाही. पण तुमचे दोन्ही फ्लॅट आणि पीजी, तिन्ही एकाच आयटी पार्कच्या नोकरभरतीवर अवलंबून राहणार आहेत. एका मोठ्या कंपनीनं भरती थांबवली तर तिन्हीकडची आवक एकदमच आटते.

तुम्ही स्वतः चाकणला जाता. तिथल्या शिफ्टा, पगार, कंपनीची बस कुठे थांबते, कायम आणि कंत्राटी कामगारांत कोण कुटुंब आणतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मोशी, चिखली, भोसरी या बाजूला त्याच पैशात थोडं स्वस्त घर बघितलंत तर तुमची माहिती कामाला येईल. तिथे मात्र नदीची पूररेषा आधी तपासा. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (जिच्या आत बांधकामाला मनाई असते) ३६ बंगले महापालिकेनं मे २०२५ मध्ये पाडले. आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. लोकांनी रीतसर पैसे मोजून ते घेतले होते.

कागदांचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. रेरा (बांधकाम व्यवसायावर लक्ष ठेवणारा कायदा) नंबर आहे म्हणजे सगळं आलं, हा समज सोडा. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची (राज्याच्या रेरा प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या आणि उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र बिल्डरच्या फाइलमधून न घेता पालिकेतून पडताळा. जुना फ्लॅट असेल तर वकिलाकडून ३० वर्षांचा टायटल सर्च, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि पार्किंग नक्की कोणाच्या नावे आहे याचा कागद, एवढं हवंच. बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्याच्या धंद्यासाठी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, ताबा मिळेपर्यंत एक रुपया भाडं नाही, आणि ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागायचा रेरा कायद्यानं दिलेला हक्क बजावण्यातही काळ जातो.

भाडं किती मिळतं हे एजंटला विचारू नका. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. त्याच इमारतीतले गेल्या सहा महिन्यांतले दोन-तीन नोंदणीकृत भाडेकरार बघायला मागा, किंवा तिथल्या दोन घरमालकांशी बोला. मी स्वतः इमारत दोनदा बघतो. एकदा सकाळी सातला, कारण टँकर तेव्हाच येतात. वॉचमनकडे टँकरची वही असते, ती पाच मिनिटं चाळली की उन्हाळ्यात पाण्यावर काय खर्च होतो आणि पुढच्या वर्षी मेंटेनन्स कुठे जाणार ते कळतं. आणि एकदा रात्री साडेआठला, खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते बघायला. १२ मजल्यांच्या इमारतीत निम्मे मजले अंधारात असतील तर तिथे गुंतवणूकदार जास्त आणि राहणारे कमी. तुमचा फ्लॅट रिकामा होईल तेव्हा त्याच इमारतीतले दहा जण भाडं पाडायला तयार बसलेले असतील.

भाडेकरूची जोखीम लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे, पण एका अटीवर: कागद नीट हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. नोटरी केलेला कागद यात उपयोगाचा नाही. लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची) नोंदणी आता ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात) आणि शहरात नोंदणी फी १ हजार. एवढ्या पैशासाठी कोणी हे टाळत असेल तर मला त्याचं नवल वाटतं. करार नोंदलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस निघत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाईही मिळते. तरीही त्यात काही महिने जातात, म्हणून डिपॉझिट किमान तीन महिन्यांचं घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा आणि तिची पावती जपून ठेवा.

सोसायटी भाडेकरूंच्या नावाखाली वाट्टेल तेवढे पैसे लावत असेल तर हे लक्षात असू द्या: बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा ऑगस्ट २००१ चा आदेश आहे.

आता पीजी. तुमच्या बेतातला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे, आणि तुम्हाला तो सगळ्यात सोपा वाटतोय. थ्री-बीएचकेचं भाडं ४० हजार धरा. आठ कॉट, प्रत्येकी ९ हजार, जेवण नाही. पूर्ण भरलं तर ७२ हजार. वीज ७ हजार (एसी असेल तर याहून जास्त), झाडू-पोछा आणि बाथरूमची बाई ५ हजार, वायफाय १ हजार, गॅस, पाणी, किरकोळ दुरुस्ती ३ हजार. खर्च ५६ हजार, उरले १६. दोन कॉट रिकाम्या झाल्या की आवक ५४ हजार आणि तुम्ही तोट्यात. म्हणजे आठांपैकी सात कॉट बाराही महिने भरलेल्या हव्यात, तेव्हा कुठे घरमालकाचं भाडं आणि बिलं निघतात. त्यात मुलं एका महिन्याच्या नोटिशीवर जातात, मित्रासोबत फ्लॅट मिळाला की त्याहून आधी. सुरुवातीला डिपॉझिट, कॉट, गाद्या, कपाटं, फ्रिज, वॉशिंग मशीन यांत साडेतीन-चार लाख गुंततात. ते सुटायलाच दोन वर्षं लागतील, आणि तुमचा करार मात्र ११ महिन्यांचा.

खरा धोका त्या करारात आहे. नेहमीच्या छापील लिव्ह अँड लायसन्समध्ये दुसऱ्याला राहायला द्यायला स्पष्ट मनाई असते. तोंडी "चालतंय हो" म्हणणारा मालक, सोसायटीनं नोटीस पाठवली की हात वर करतो. आठ मुलं, त्यांच्या आठ दुचाकी, रात्री दीडला दार वाजणं, टेरेसवरचे वाढदिवस, हे शेजारी सहा महिने सोसतात आणि मग सर्वसाधारण सभेत ठराव आणतात. तेव्हा तुमचे कपाट-कॉट ठेवायला जागा नसते. पीजी करायचाच असेल तर सोसायटीत करू नका. स्वतंत्र बंगला किंवा एकाच मालकाची इमारत बघा, तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा, त्यात पीजी चालवायची परवानगी शब्दांत लिहून घ्या, आणि पहिली दोन वर्षं मालकानं मध्येच काढू नये असं कलम घाला. जीएसटीचं सांगायचं तर, माणशी महिना २० हजारांपर्यंत आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाला २०२४ पासून सूट आहे. आठवडाभरासाठी येणारी गिऱ्हाईकं घेऊ लागलात तर ती सूट त्यांना लागू नाही.

आणि हे भाड्याचं घर चालवणं म्हणजे बसून खाणं नव्हे. रविवारी सकाळी मोटर जळाली, दोघांची भांडणं झाली, एकाचे वडील फोनवर "पोरगा फोन उचलत नाही" म्हणतात, हे सगळं तुमच्याकडे येणार. शिफ्ट सांभाळून ते कोण करणार ते आधी ठरवा. माणूस ठेवलात तर त्याचा पगार त्या १६ हजारांतून जाईल.

करासंबंधी दोन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली: विकलेली जमीन कराच्या दृष्टीनं ग्रामीण शेतजमीन होती का? पालिका हद्दीपासून, तिथल्या लोकसंख्येप्रमाणे, २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन असेल तर भांडवली नफ्यावर कर नाही. आत असेल तर आहे, आणि तो वाचवायला विक्रीची रक्कम एका राहत्या घरात गुंतवायची सवलत मिळते. एका, दोन नव्हे. सवलतीच्या घराखेरीज दोन वर्षांत दुसरं घर घेतलंत तर मिळालेली सवलतही परत जाते. तुमचा दोन फ्लॅटचा बेत इथेच अडकू शकतो, म्हणून टोकन देण्याआधी जमिनीचे कागद घेऊन सीएकडे जा.

दुसरी: कर्जाच्या व्याजानं कर वाचेल ही आशा. भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा करायची मुभा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच आहे, आणि नव्या प्रणालीत मुळीच नाही. धंदा म्हणून दाखवून सगळे खर्च वजा करण्याचा रस्ता २०२४ च्या अर्थसंकल्पानं बंद केला. राहण्यासाठीचं घर भाड्यानं दिलं की उत्पन्न "घरमालमत्ता" याच सदरात धरायचं आणि सरसकट ३० टक्के वजावट घ्यायची. पीजीमध्ये दुसऱ्याची जागा घेऊन सेवा देता, तिथली आकारणी निराळी. तिचा हिशेब सीएकडून करून घ्या आणि वेगळी वही ठेवा.

तेव्हा तुमच्यासाठी माझं सांगणं असं: नोकरी ठेवा. एकच तयार फ्लॅट घ्या, कर्ज ४० लाखांच्या पुढे नेऊ नका, साडेपाच लाख ठेवीत बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. दोन पूर्ण वर्षं भाडेकरू येणं, जाणं, घर रिकामं राहणं, दुरुस्त्या यांची नोंद ठेवा. माझ्या वरच्या १ लाख १५ हजारांऐवजी तुमचा खरा आकडा काय येतो ते बघा, आणि दुसऱ्या फ्लॅटचा विचार त्या आकड्यावर करा. पीजीचा नाद सध्या सोडा.

पत्नीच्या नावाचं: खरेदीदार फक्त महिला असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ७५ लाखांवर ७५ हजार वाचतात. तुमचं नाव सहमालक म्हणून आलं की ती जाते. पैसा तुमचा असल्यानं भाडं मात्र करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल, त्यामुळे तिथे बचत नाही. जमीन विक्रीच्या करसवलतीची गरज असेल तर पत्नीच्या एकटीच्या नावावर घर घेतल्यानं ती सवलत वादात सापडू शकते, आणि तो कर ७५ हजारांहून कितीतरी मोठा असेल. जमीन ग्रामीण निघाली आणि बँक तुम्हाला सहकर्जदार म्हणून घेऊन पत्नीच्या नावावर घर घ्यायला तयार असेल, तर खुशाल त्यांच्या नावावर घ्या.